बारावी सायन्स पास आहे, पण केमिस्ट्री आलेलीच नाही. बी.एस्सी.च्या आधी घरी कशी शिकू?

घुंगरूवाली, हुपरी

नमस्कार. थोडं मोठं लिहितेय, पण पूर्ण सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझी २०२१ ची बारावी, सायन्स. आमच्या बॅचची बोर्डाची परीक्षा झालीच नाही. दहावीचे तीस टक्के, अकरावीचे तीस आणि बारावीच्या वर्षातल्या कामाचे चाळीस अशी गोळाबेरीज करून ३ ऑगस्टला निकाल लागला. चांगल्या मार्कांनी पास झाले, केमिस्ट्रीतसुद्धा. पण मला केमिस्ट्री येत नाही. मार्कलिस्ट हातात घेतली की पोटात गोळा येतो.

अकरावीला वर्गात बसले होते. पण दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालेलं. मूलद्रव्य, संयुजा, क्षपण हे शब्द माझ्या ओळखीचे. वर्गात एकदम एलिमेंट, व्हॅलन्सी, रिडक्शन सुरू झालं. ते जुळवून घेईपर्यंत मार्च २०२० आला आणि वर्ष तिथंच थांबलं. बारावी पूर्ण मोबाईलवर. घरात मोबाईल एक आणि शिकणारे आम्ही दोघं, मी आणि धाकटा भाऊ. त्याचा तास असला की माझा बुडायचा. प्रॅक्टिकलची जर्नल मैत्रिणीची बघून उतरवली. ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायची मापाची नळी, मी फक्त चित्रात बघितलीय.

त्यानंतर आईचं आजारपण निघालं आणि शिक्षण थांबलं. चार वर्षं घरातच पैंजणाचं काम केलं. घुंगरं लावायची, कड्या जोडायच्या, माल तोलून वहीत नोंद करायची. आता भाऊ डिप्लोमा करून शिरोलीला कामाला लागलाय. "आता तू शीक, घरचं मी बघतो," असं तोच म्हणाला. कोल्हापुरात बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा ठरलाय. वर्ग सुरू व्हायला अजून अडीच महिने आहेत.

केमिस्ट्रीच का, असं घरात सगळे विचारतात. लहानपणी आप्पांबरोबर आटणीला जायचे. मुशीत चांदी वितळली की वर काळपट साय धरते. त्यावर आप्पा चिमूटभर सवागी टाकायचे. ती आधी लाहीसारखी फुगायची, मग काचेसारखी पातळ व्हायची आणि सगळी काळी साय आपल्यात ओढून कडेला न्यायची. मधोमध चांदी अशी उघडी पडायची की भट्टीचा उजेड त्यात हलताना दिसायचा. मी विचारलं होतं, सवागी टाकली की घाण बाजूला का जाते? आप्पा म्हणाले, "ती घाण खाती." मागच्या महिन्यात अकरावीचं पुस्तक काढलं, त्यात बोरॅक्सचा परिच्छेद दिसला. ती आमची सवागीच. परिच्छेद चारदा वाचला, आणि त्यातलं समीकरण मला कळलं नाही. त्या रात्री झोप आली नाही.

अकरावीचे सोळा धडे, बारावीचे सोळा. बत्तीस धडे अडीच महिन्यांत होतील का? कुठून सुरू करू? क्लास लावायला पैसे नाहीत आणि दुपारपर्यंत घरचं काम असतं. रोज तीन तास नक्की देऊ शकते.

---

राजारामपुरीकर

ताई, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. माझाही एक वर्षाचा गॅप होता.

आधी कागदांचं. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतील, ते आत्ताच करून ठेवा. शेवटच्या दिवशी सेतू केंद्रात रांग असते.

अभ्यासाचं माझ्या अनुभवावरून सांगतो. सुट्टीत मी रोज चार-चार तास व्हिडिओ बघितले, तेही नीटच्या तयारीचे. बघताना सगळं कळायचं. शिकवणारा गणित सोडवतोय आणि आपण मान डोलावतोय. पहिल्या चाचणीत कोरा कागद समोर आला तेव्हा हात चालेना. त्यामुळं व्हिडिओ एक बघा आणि त्यानंतर वहीत पाच गणितं स्वतः करा. अडलं तर उत्तर लगेच बघू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवा. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची दोन्ही पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, एनसीईआरटीचीही आहेत. विकत काही घ्यायची गरज नाही.

बत्तीस धडे करू नका. कुठले सोडायचे ते जाणकार सांगतील.

---

खडू-डस्टर

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहिते.

आधी एक विचारते. तुमच्याकडं घुंगरं मोजतात का? पाच हजार घुंगरं द्यायची असली तर कुणी बसून एक-दोन-तीन करतं का? माझी खात्री आहे, तोलतात. शंभर घुंगरांचं वजन एकदा काढायचं आणि बाकी सगळं काट्यावर. समज, शंभर घुंगरं १२ ग्रॅम भरली. तर ३ किलोत किती? पंचवीस हजार. आता प्रत्येक घुंगराला एक कडी लागते आणि शंभर कड्या ४ ग्रॅम भरतात. पंचवीस हजार घुंगरांना कड्या किती तोलशील? एक किलो. तीन किलोला एक किलो. वजनं वेगळी, पण नग तेवढेच.

हाच मोल. अणू मोजता येत नाहीत म्हणून तोलायचे. सोडियमचे २३ ग्रॅम आणि क्लोरीनचे ३५.५ ग्रॅम यांत अणूंचे नग सारखे. तो नग म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. २० मे २०१९ पासून तर हा आकडा व्याख्येनंच पक्का केलाय. त्याआधी बारा ग्रॅम कार्बनमधल्या अणूंवरून मोल ठरायचा. तुम्ही शंभर घुंगरं धरता, रसायनशास्त्र एवढा मोठा आकडा धरतं. फरक एवढाच.

आणि समज, कड्या किलोऐवजी ८०० ग्रॅमच आल्या. मग वीस हजार जोड्या होतील, पाच हजार घुंगरं, म्हणजे ६०० ग्रॅम, तशीच उरतील. पुस्तकात याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात. तिथं कड्या आधी संपल्या, म्हणून लिमिटिंग कड्या, आणि त्या वजनानं कमी होत्या म्हणून नव्हे, नगानं कमी होत्या म्हणून. माझ्या एकतीस वर्षांत सर्वांत जास्त मुलं इथंच चुकली. ज्याचं वजन कमी ते आधी संपणार असं त्यांना वाटतं. तू चार वर्षं हेच काम केलंयस, तुला तसं वाटायला नको.

हे इतकं लांबवून सांगण्याचं कारण आहे. द्रावणं, मोलॅरिटी, टायट्रेशन, समतोल, वायूंचे नियम, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, सगळीकडं शेवटी मोलच मोजायचे असतात. ज्या मुलांचा हा धडा कच्चा राहतो ती पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या वहीत सूत्रं पाठ करून आकडे कोंबतात, आणि सूत्र विसरलं की संपलं. म्हणून अकरावीचा पहिला धडा तू तीन आठवडे कर. होय, तीन आठवडे. त्यातलं प्रत्येक गणित. जिथं अडशील तिथं "घुंगरं किती, कड्या किती" असं मराठीत लिही, मग आकडे घाल.

एक काम घरी करायचं. तुमच्याकडं चांदीचा काटा असेल, पॉइंट शून्य एक ग्रॅम दाखवणारा. कॉलेजातल्या मुलांनाही पहिल्या वर्षी इतका चांगला काटा रोज हाती लागत नाही. खायचा सोडा घे. बेकिंग पावडर नको, त्यात आणखी काही मिसळलेलं असतं. कोरडी स्टीलची वाटी तोल. तिच्यात ८.४० ग्रॅम सोडा घे. सोड्याचा एक मोल ८४ ग्रॅम, म्हणजे हा मोलचा दहावा भाग. अॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नकोस, सोडा त्याला खातो. मंद गॅसवर ठेव, खिडकी उघडी, चमचा घालू नकोस, चिमट्यानं वाटी हलवत राहा. गरम झाल्यावर सोडा फुटतो: दोन मोल खायच्या सोड्यापासून एक मोल धुण्याचा सोडा (कोरडा, पाण्याविना), एक मोल पाणी आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड. पाणी आणि वायू उडून जातात. खाली किती उरायला पाहिजे ते आधी कागदावर काढ, मग तोल. वाटी पूर्ण गार झाल्याशिवाय काट्यावर ठेवू नकोस, गरम वाटीभोवतीची हवा वर उठते आणि काटा खोटं वजन दाखवतो. उरलेली पावडर स्वयंपाकाच्या डब्यात परत टाकू नकोस.

आणि एक बजावते. चांदी गाळायच्या तेजाबाला, म्हणजे नायट्रिक अॅसिडला, "प्रयोग" म्हणून हात लावायचा नाही. त्याची तांबूस वाफ छातीत जाते आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणसाला वाटतं काही झालं नाही.

पहिल्या धड्यानंतर अणूची रचना, आवर्तसारणी आणि बंध हे तीन धडे सलग घे, कारण ते एकच गोष्ट सांगतात. मग रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण. मग अकरावीचा समतोलाचा धडा आणि त्याला लागूनच बारावीची द्रावणं आणि आयनिक इक्विलिब्रिया. शेवटचे तीन आठवडे ऑरगॅनिकची मूळ तत्त्वं आणि हायड्रोकार्बन्स. तिथं नावं पाठ करत बसू नकोस, इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातो ते बाणानं काढायला शीक. न्यूक्लिअर केमिस्ट्री, पॉलिमर, नॅनो, गटवार मूलद्रव्यांचे धडे आत्ता सोड. ते वाचून कळतात आणि कॉलेजात पुन्हा येतात. सवागीचा परिच्छेद मात्र तू सोडणार नाहीस हे मला माहीत आहे, तो रेडॉक्स झाल्यावर परत वाच.

भाषेचं. मराठी माध्यमातून आलीस हे ओझं समजू नकोस. एक छोटी वही कर. पण नुसती शब्दाला शब्द अशी यादी नको, प्रत्येक शब्दासमोर वापर लिही. उदाहरण देते. डायल्यूट म्हणजे विरल, वीक म्हणजे सौम्य. बोलताना आपण पाणी घातलेल्या अॅसिडलाही सौम्यच म्हणतो आणि तिथं घोटाळा होतो. संडास धुवायच्या हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये बादलीभर पाणी ओतलं तरी ते स्ट्राँगच राहतं, फक्त डायल्यूट होतं. व्हिनेगरमधलं अॅसिड कितीही दाट केलं तरी वीकच. कारण स्ट्राँग-वीक म्हणजे अॅसिडचे किती रेणू पाण्यात फुटून आयन होतात ते, आणि डायल्यूट-कॉन्सन्ट्रेटेड म्हणजे पाण्यात किती घातलंय ते. इंग्रजीतून शिकलेली मुलंही हे दोन शब्द बारावीपर्यंत एकच समजतात. तू वहीत लिहून ठेवलंस तर चुकणार नाहीस.

सोड्याचं काय झालं ते कळव. वाट बघते.

---

घुंगरूवाली, हुपरी

मॅडम, आम्ही तोलतोच. आप्पांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "ह्या बाईंना हुपरीचं कसं काय ठावं?"

आठ दिवस पहिला धडाच करतेय. आधी कागदावर काढलं: ०.१ मोल सोड्यापासून ०.०५ मोल धुण्याचा सोडा, त्याचा मोल १०६ ग्रॅम, म्हणजे ५.३० ग्रॅम उरायला हवा. उडून जाणार ३.१० ग्रॅम, त्यात पाणी ०.९० आणि वायू २.२०.

काल सकाळी केलं. वाटी ४१.२६ ग्रॅम. दहा मिनिटं तापवलं, गार केलं, तोललं तर पावडर ६.१२. माझं तोंडच उतरलं. वाटलं हिशेब चुकला. परत कागद तपासला, हिशेब बरोबर होता. आप्पा बघत होते. ते म्हणाले, "कच्चं असंल. अजून ताव दे." परत तापवलं, ५.४७. परत, ५.३४. परत, ५.३३. पुढं हलेना.

तापवताना मी वर एक थंड ताटली धरली होती. तिच्या खालच्या अंगाला बारीक थेंब जमले. कोरडी पावडर, वाटी कोरडी, आणि ताटली ओली. मी पुस्तकात "पाणी मुक्त होते" हे वाक्य कितीतरी वेळा वाचलंय. ते थेंब बोटानं पुसताना मला पहिल्यांदा खरं वाटलं.

मग मला एक सुचलं. साधा सोडा पाण्यात कालवून त्यात हळद टाकली, थोडी नारिंगी झाली. वाटीतली उरलेली पावडर पाण्यात कालवून हळद टाकली, तर लालभडक, कुंकवासारखी. दिसायला दोन्ही पावडरी पांढऱ्याच आहेत. हे बरोबर आहे ना? की हळद जास्त पडली?

आणि ५.३० ऐवजी ५.३३ का?

---

खडू-डस्टर

बरोबर आहे, हळद जास्त पडलेली नाही. धुण्याचा सोडा खायच्या सोड्यापेक्षा बराच जास्त अल्कधर्मी असतो. म्हणून तर तो पोटात घेत नाहीत. तू नवा पदार्थ तयार केलास आणि तो नवा आहे हे दुसऱ्या मार्गानं तपासलंस. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

आप्पांना माझा नमस्कार सांग. "अजून ताव दे" यालाच प्रयोगशाळेत वजन स्थिर होईपर्यंत तापवणं म्हणतात: तापव, गार कर, तोल, आणि दोन वजनं जुळेपर्यंत परत तेच. ५.३३ चं म्हणशील तर थोडा सोडा आत न फुटलेला असेल, किंवा गार होताना पावडरीनं हवेतली ओल घेतली असेल. तीन सेंटिग्रॅमचा फरक वहीत तसाच लिही. ५.३० लिहू नकोस. पहिल्या वर्षाला शेजारचा मुलगा पुस्तकातला आकडा लिहील, तू तुझाच लिही.

---

कारखान्याचा केमिस्ट

मी पंचगंगेच्या पट्ट्यात साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. मॅडमनी सगळं सांगितलंय, एक गोष्ट राहिली ती जोडतो. लॉगॅरिथम.

आमच्याकडं उसाच्या रसात चुन्याचं दूध, म्हणजे पाण्यात कालवलेला चुना, घालतात आणि गंधकाचा धूर सोडतात, की गाळ खाली बसावा आणि रस स्वच्छ व्हावा. रसाचा पीएच सातच्या आसपास ठेवायला शिफ्टभर डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. रस आंबट राहिला तर उकळताना साखरेचा रेणू फुटतो. ३४२ ग्रॅम साखर १८ ग्रॅम पाणी घेऊन ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, आणि ती पुढं दाणा धरत नाही. शेतकऱ्याच्या उसातली साखर मळीत जाते. चुना जास्त झाला तर रस काळवंडतो.

आता पीएच ६ आणि ७ यांत फरक केवढा? नव्या पोरांना विचारलं की म्हणतात, एकचा. आंबटपणा आणणाऱ्या हायड्रोजन आयनांत फरक दहापट असतो. ५ आणि ७ मध्ये शंभरपट. ही गोष्ट लॉग आल्याशिवाय अंगात भिनत नाही, आणि आयनिक इक्विलिब्रियाचा पूर्ण धडा लॉगवर चालतो, नंतरचा कायनेटिक्सही. तुमच्या बॅचची परीक्षा झाली नाही म्हणजे लॉग टेबल हातात धरायची वेळच आली नसेल. आठवडाभर रोज अर्धा तास फक्त लॉग टेबल घेऊन बसा. कॅल्क्युलेटर नंतर वापराल, पण २ चा लॉग ०.३०१ आणि ३ चा ०.४७७ हे तोंडात बसू द्या. मग ६ चा लॉग विचारला की बेरीज करून सांगता येतो.

तुमच्या धंद्यातलं एक गणित देतो, वहीत करा. हात लावायचा नाही, मॅडमनी सांगितलंय तसं. चांदी तेजाबात विरघळली की सिल्व्हर नायट्रेट होतं. त्यात तांब्याची पट्टी सोडली की तांबं द्रावणात जातं आणि चांदी खाली बसते, द्रावण निळं होतं. एक तांब्याच्या अणूमागं दोन चांदीचे. तर एक किलो चांदी खाली बसवायला तांबं किती लागेल?

---

घुंगरूवाली, हुपरी

दादा, केलं. चांदीचा मोल १०७.९ धरला, तांब्याचा ६३.५. एक किलो चांदी म्हणजे ९.२७ मोल. तांबं त्याच्या निम्मे मोल, ४.६३. गुणिले ६३.५, साधारण २९४ ग्रॅम. आधी मी निम्मं म्हणून ५०० ग्रॅमच लिहिणार होते, मग कड्या आठवल्या. निम्मं नगात, वजनात नाही.

आप्पांना विचारलं, गाळणीवाले किती पट्टी धरतात. ते म्हणाले किलोला तीन-साडेतीनशे ग्रॅम, थोडी उरते. म्हणजे जुळतंय.

लॉग सुरू केलाय. आणि प्रॅक्टिकलची भीती अजून आहे. वर्गातल्या बाकीच्यांनी ब्युरेट धरलेली असणार.

---

राजारामपुरीकर

ताई, नसते हो. आमच्या वर्गातही अर्ध्यांनी पहिल्यांदाच धरली होती. पहिल्या दिवशी पिपेट धुताना मी नळाच्या पाण्यानंच धुतली आणि तशीच वापरली. जे द्रावण भरायचं त्यानंच शेवटी विसळायची असते, नाहीतर आतलं पाणी द्रावण विरळ करतं. एवढं लक्षात ठेवून गेलात तरी पुढं असाल.

घरी मेडिकलमधली सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज आणा. लिंबाच्या रसात सोड्याचं पाणी एकेक थेंब सोडायचा सराव करा. थेंब थांबवता आला पाहिजे, एवढंच शिकायचंय.

---

खडू-डस्टर

सिरिंजचं चांगलं सुचवलंस. तिच्यावरचं माप डोळ्यांच्या रेषेत धरून वाच, वरून किंवा खालून बघितलं तर आकडा सरकतो. लिंबाऐवजी पांढऱ्या कपात घेतलेलं पाणी आणि दोन थेंब हळदीचं पाणी घेतलंस तर रंग नीट दिसेल.

पहिल्या सत्रात बहुतेक ठिकाणी ऑक्झॅलिक अॅसिडचं प्रमाण द्रावण करायला सांगतात. तेव्हा आत्ताच कर: २५० मिलिलिटर, ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल. किती ग्रॅम तोलशील? बाटलीवरचं नाव नीट वाचून उत्तर दे. बाटलीवर "डायहायड्रेट" लिहिलेलं असतं.

---

घुंगरूवाली, हुपरी

मॅडम, काल रात्री केलं होतं तेव्हा २.२५ ग्रॅम आलं. ऑक्झॅलिक अॅसिडचा मोल ९० धरला होता. बरोबर आहे म्हणून वही मिटली, पण डायहायड्रेट या शब्दाशी अडखळले होते आणि तो तसाच सोडून दिला होता.

आज सकाळी सवागीचा परिच्छेद परत काढला. तिच्या सूत्रात शेवटी टिंब देऊन दहा पाणी लिहिलंय. दहा पाण्याचे १८० ग्रॅम, पूर्ण मोल ३८१ ग्रॅम. म्हणजे आप्पांच्या डबीतल्या सवागीचं जवळपास निम्मं वजन पाणीच आहे. मुशीत टाकल्यावर ती लाहीसारखी फुगायची ती यामुळं, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं. मी ते लहानपणापासून बघितलंय.

मग ऑक्झॅलिकच्या बाटलीतही पाणी आहे, दोन रेणू. ९० अधिक ३६, १२६. तोलताना ते पाणीही काट्यावर येणार. ०.०२५ गुणिले १२६.

३.१५ ग्रॅम.

---

खडू-डस्टर

३.१५. बरोबर.

आता रेडॉक्स घे.